ताप उतरला, मग कुत्रं का खचलं?

मद्रासच्या एका शिकारी क्लबाच्या हाउंड कुत्र्यांच्या रक्तात डब्ल्यू. एस. पॅटन यांना १९१० साली एक परजीवी सापडला. पुढे तोच कोल्ह्याच्या रक्तातही दिसला. बबेसिया गिब्सोनी हे त्याचं आजचं नाव. गोचिडीतून शिरून तो तांबड्या पेशींत मुक्काम ठोकतो.

या दुखण्यातली फसवी गोष्ट म्हणजे परजीवी किती आहेत यावरून कुत्रं किती आजारी आहे ते कळत नाही. काचपट्टीवर शोधून शोधून एखादा बबेसिया हाती लागतो, कधी तोही नाही, आणि कुत्र्याच्या हिरड्या मात्र पांढऱ्याफटक पडलेल्या असतात. परजीवी पेशी फोडून बाहेर पडतो हे खरं, पण मोठी नासधूस कुत्र्याची स्वतःची प्रतिकारशक्ती करते. तिच्या अँटीबॉडी बाधित पेशींबरोबर धडधाकट पेशींनाही चिकटतात आणि प्लीहा त्या सरसकट गिळत सुटते. लघवी कोऱ्या चहासारखी होते, ती फुटलेल्या पेशींतल्या हिमोग्लोबिनमुळे.

मग पाळी मूत्रपिंडाची. रक्त पातळ झाल्यानं प्राणवायू कमी, रक्तदाब उतरलेला, त्यात गाळणीच्या बारीक नळ्यांत अँटीबॉडींची जाळी अडकलेली. काही कुत्र्यांच्या फुफ्फुसांत पाणी होतं. काहींच्या रक्तवाहिन्यांत जागोजागी गुठळ्या होतात. रक्त गोठवणारा सगळा माल त्यातच खर्ची पडतो आणि दुसरीकडे रक्तस्राव थांबेनासा होतो. म्हणूनच ताप उतरल्यावरही डॉक्टर रक्त चढवायची भाषा करतात, आणि मालक बुचकळ्यात पडतो.

डॉक्टरांची कोंडी वेगळीच. पेशी फोडणारी प्रतिकारशक्ती आवरायची तर स्टेरॉइड हवं, पण बबेसियाला दाबून ठेवते तीही हीच प्रतिकारशक्ती. रक्ततपासणीआधीच स्टेरॉइड टोचून ताप उतरवणं मला म्हणूनच धोक्याचं वाटतं.

‘टिक फीव्हर’ म्हणून आपण जे सगळं एका गाठोड्यात बांधतो, त्यात एर्लिचिया कॅनिसही असतो. तो खरं तर जीवाणू, आणि राहतो पांढऱ्या पेशींत. प्लेटलेट्स घसरतात, नाकातून रक्त येतं. डॉक्सिसायक्लिननं चार-दोन दिवसांत कुत्रं जेवू लागतं आणि २८ दिवसांचा कोर्स तिथंच अर्धा राहतो. उरलेला जीवाणू महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं दबून राहतो. काही कुत्र्यांत शेवटी अस्थिमज्जाच थकते, आणि मग कुठल्याच रक्तपेशी पुरेशा बनत नाहीत. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्याची अनेक कुत्री याच रोगानं गेली. जर्मन शेफर्डला तो विशेष जड जातो.

बबेसियाच्या व्होगेली या जातीवर इमिडोकार्बचं इंजेक्शन चालतं. गिब्सोनी त्याला सहसा पुरून उरतो. त्यासाठी ॲटोव्हाक्वोन आणि ॲझिथ्रोमायसिन ही जोडी १० दिवस द्यावी लागते. तरीही काही कुत्र्यांत तो गुपचूप टिकून राहतो. अशा कुत्र्याशी झालेल्या भांडणातल्या चाव्यानं तो दुसऱ्यात जाऊ शकतो, गोचीड मध्ये नसतानाही. त्याचं रक्त दुसऱ्याला चढवलं तरी तेच, म्हणून रक्तदाता कुत्रा वरून कितीही तगडा दिसला तरी आधी त्याची पीसीआर चाचणी करायला हवी.