पावती कोणाच्या नावावर

सकाळी साडेआठ. परळच्या एक वहिनी कापडी पिशवी घेऊन ऑफिसात. टेबलावर रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक, मुलीचा शाळेचा दाखला, सासूबाईंच्या औषधांच्या चिठ्ठ्या. चाळीतली खोली सासूबाईंच्या नावावर. नवरा आधीच गेला, सासूबाई गेल्या पावसाळ्यात. "भाऊजी डोंबिवलीला राहतात. म्हणतात, आई माझी, खोली माझी."

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ तसं म्हणत नाही. कलम ७ मधल्या व्याख्येनुसार भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारा कुटुंबीय आधी. तसा कोणी नसेल, तरच इतर वारस. एकमत झालं नाही, तर कोर्ट ठरवणार. म्हणजे पोटचा मुलगा मागे राहून सुनेला खोली मिळू शकते. माझ्या मते शहाणा नियम आहे हा. आजारपणात उशाशी कोण होतं, ते निदान विचारतो तरी.

दहा वाजता फोन. काकांनी मृत्युपत्रात खोली पुतण्याला लिहून दिली आहे. उपयोग नाही. भाडेकरूला असा हक्क मृत्युपत्राने देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये वसंत पंडित खटल्यात सांगितलं. पुतण्या काकांजवळ राहत होता का, ते विचारलं. पलीकडे शांतता.

अकरा. धोबीतलाव, लघुवाद न्यायालय. बोर्डावर आमचा नंबर बराच खाली. दोन प्रकरणांत नुसत्या तारखा.

दुपारी तीनला उलटतपासणी. घरमालकाच्या वकिलांनी रेशनकार्ड बाजूला सारलं आणि माझ्या अशिलाला विचारलं, "नळाला पाणी किती वाजता येतं?" तो क्षणाचाही विचार न करता म्हणाला, "पाच पन्नासला. सव्वासहाला जातं, आणि सणाला तेवढंही नसतं." विरुद्ध बाजूचे असले तरी प्रश्न उत्तम होता. रेशनकार्ड जुन्या पत्त्यावर ठेवून बदलापूरला राहणारे पुष्कळ. नळाची वेळ तिथून सांगता येत नाही.

पाच वाजता एका मेहताजींशी बोलणं. भाडं घेतात, पावती मात्र वारलेल्या आजोबांच्याच नावे, खाली 'हस्ते' म्हणून नातू. नाव बदलायचं तर शेठना पागडी हवी. कलम ५६ ने घरमालकाला भाडेहक्काच्या हस्तांतराला संमती देण्यासाठी पैसे घेता येतात, पण मृत्यूनंतर कायद्याने आलेला हक्क म्हणजे हस्तांतर नव्हे. मेहताजी हसले, "मॅडम, कायदा कोर्टात."

सात वाजता वहिनींचा फोन. भाऊजी घरी आलेत. चाळ पुनर्विकासाला जाणार, नवी जागा निदान ३०० चौरस फुटांची, तेव्हा अर्धी लिहून दे म्हणतात, स्टॅम्पपेपरही आणलाय.

"सही करू नका. चहा द्या आणि वकिलांशी बोला म्हणा. उद्या जुन्या पावत्या आणा. आणि शेजारच्या आजींना विचारा, साक्षीला कोर्टाचा जिना चढवेल का."