श्रीलंकेपासून तिबेटपर्यंत फुलणारे ओढ्याकाठचे ॲनिमोन

आपल्यातले अनेक तरुण आता धरमशाला, सिक्कीम, भूतानचे विहार पाहायला जाऊ लागले आहेत. मे ते ऑगस्टदरम्यान या डोंगरांतल्या ओढ्यांच्या काठी पांढऱ्या फुलांचे एक रोप दिसते. त्याचे नाव ॲनिमोन रिव्हुलॅरिस. ग्रीक भाषेत ‘ॲनिमॉस’ म्हणजे वारा आणि लॅटिनमध्ये ‘रिव्हुलॅरिस’ म्हणजे ओढ्याकाठचे.

हे बहुवर्षायू रोप साधारण गुडघ्यापासून कमरेपर्यंत वाढते. पाने तीन भागांत खोलवर कापलेली आणि त्यांवर मऊ लव असते. फूल दोन-तीन सेंटिमीटर रुंद, आतून पांढरे, तर मागच्या बाजूने निळसर झाक असलेले. मध्यभागी जांभळट-निळे पुंकेसर असतात. गंमत म्हणजे या फुलाला पाकळ्याच नाहीत. आपण ज्यांना पाकळ्या समजतो ती निदले आहेत. आपल्याकडच्या रानातल्या मोरवेलीचेही तसेच. दोघी एकाच कुळातल्या.

हिमालय, तिबेट, नैऋत्य चीन, निलगिरी आणि श्रीलंकेचे उंच पठार एवढा याचा विस्तार आहे. मधल्या उष्ण मैदानांत ते नाही. हिमयुगात थंड हवामान खालपर्यंत पसरले होते. ऊब वाढली तशा थंडीतल्या वनस्पती डोंगरमाथ्यांवर अडकून राहिल्या, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते.

धोकाही इथेच आहे. तापमान वाढले की अशा वनस्पती आणखी वर सरकतात. हिमालयात वर जायला जागा आहे. निलगिरीत आणि श्रीलंकेत डोंगर लवकर संपतो. त्यात ओढ्याकाठची ओली जमीन रस्ते, तंबू आणि पर्यटकांच्या पायांखाली सर्वात आधी तुडवली जाते.

तिबेटी वैद्यकात हे रोप वापरतात. त्या सोवा-रिग्पा पद्धतीला भारत सरकारने २०१० मध्ये कायदेशीर मान्यता दिली. पण ताज्या रोपाच्या रसात प्रोटोॲनिमोनिन हे दाहक द्रव्य असते. त्वचेला लागले तर फोड येतात, पोटात गेले तर विषबाधा होऊ शकते. वाळवल्यावर त्याचा दाह कमी होतो. त्यामुळे व्हॉट्सॲपवरचा नुस्खा वाचून असले प्रयोग कुणी करू नयेत.

सम्राट अशोकांच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि प्राण्यांसाठी औषधी वनस्पती जिथे नाहीत तिथे आणून लावल्याचा उल्लेख आहे. त्याच लेखात ताम्रपर्णीचे, म्हणजे श्रीलंकेचेही नाव येते. भिक्खूंनी वनस्पती तोडू नयेत असा विनयाचा नियम आहे. तो उपासकांना बंधनकारक नाही, पण त्यामागची दृष्टी आपलीही आहे. ओढा, थंडी, माती, कीटक यांच्या आधारानेच हे फूल उमलते. प्रतीत्यसमुत्पाद समजायला यापेक्षा सोपे उदाहरण कोणते?

म्हणून तिकडे गेलात तर वाटेवरूनच चाला, फोटो काढा, फूल मात्र तिथेच राहू द्या. त्याच्या बिया तिथेच पडायला हव्यात.