तापणारा समुद्र आणि प्रवाळातील मासे : मालवणच्या संदर्भात

प्रस्तावना

बुऱ्हाणपूरच्या विद्यार्थ्याला समुद्र दूरचा वाटतो. आपल्या तापीचे पाणी सुरतजवळ अरबी समुद्रास मिळते, एवढाच त्याचा समुद्राशी परिचय असतो. परंतु समुद्रातील एक जीव आपल्या भाषांत फार पूर्वीपासून वसलेला आहे. मराठीत त्यास पोवळे किंवा प्रवाळ म्हणतात, तर उर्दूत मूंगा आणि मरजान. सराफाकडे मिळणारे लाल पोवळे हा एका समुद्री प्राण्याचा सांगाडा असतो. उथळ समुद्रात खडक बांधणारे प्रवाळ हे त्याचे दूरचे नातलग होत. समुद्राचे पाणी तापल्याने या प्रवाळांवर व त्यांच्या आश्रयाने राहणाऱ्या माशांवर काय परिणाम होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रवाळ पांढरे का पडतात?

प्रवाळ हा वनस्पतीसारखा दिसणारा प्राणी आहे. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. हे शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते व त्यातील मोठा वाटा प्रवाळास देते. त्याबदल्यात त्यास निवारा मिळतो. प्रवाळाचा रंगही बहुतांशी या शैवालामुळेच असतो. पाणी उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा सुमारे १ अंश सेल्सिअसने अधिक तापले आणि ही स्थिती काही आठवडे टिकली, तर ही भागीदारी मोडते. प्रवाळ शैवालास बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. यास 'विरंजन' म्हणतात. विरंजन म्हणजे मृत्यू नव्हे. पाणी लवकर निवले तर शैवाल परत येते, अन्यथा प्रवाळ उपासमारीने मरतो.

जागतिक पातळीवर अशी मोठी विरंजने १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळात झाली. २०२३ मध्ये सुरू झालेले चौथे विरंजन एप्रिल २०२४ मध्ये अधिकृतपणे जाहीर करण्यात आले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार १९५० ते २०२० या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागर शतकाला सुमारे १.२ अंश या वेगाने तापला आहे.

माशांवर होणारा परिणाम

हा परिणाम दोन प्रकारचा असतो. पहिला प्रत्यक्ष परिणाम होय. उष्ण पाण्यात माशाच्या शरीराला प्राणवायू अधिक लागतो, पण त्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू मात्र कमी असतो. अशा स्थितीत वाढ व प्रजनन यांसाठी शक्ती कमी उरते.

दुसरा परिणाम घर गमावण्याचा आहे आणि तो टप्प्याटप्प्याने होतो. केवळ प्रवाळ खाऊन जगणारे फुलपाखरू मासे प्रथम कमी होतात. मेलेल्या प्रवाळाचा सांगाडा मात्र काही वर्षे उभा राहतो, त्यामुळे इतर माशांना आडोसा मिळत राहतो. पुढे लाटांनी व पोखरणाऱ्या जीवांनी तो ढासळतो. तेव्हा लहान माशांची व पिल्लांची लपण्याची जागा जाते आणि त्यांच्यावर जगणारे मोठे मासेही घटतात. म्हणून विरंजनानंतरच्या एखाद्या हंगामात मासे चांगले मिळाले, यावरून सर्व काही ठीक आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

पापुआ न्यू गिनीमधील किंबे उपसागराचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे जिवंत प्रवाळांचे आच्छादन सुमारे ६६ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. आठ वर्षांच्या काळात माशांच्या ७५ टक्क्यांहून अधिक जाती घटल्या, तर सुमारे निम्म्या जातींची संख्या अर्ध्याहूनही कमी झाली. विशेष म्हणजे मासेमारीस बंदी असलेल्या क्षेत्रातही ही घट झाली. घरच मोडले असेल तर केवळ जाळे थांबवून मासा वाचत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

आपल्या जवळची उदाहरणे

लक्षद्वीपमध्ये अगत्ती, कदमत व कवरत्ती येथील जिवंत प्रवाळांचे आच्छादन १९९८ मध्ये सुमारे ३७ टक्के होते. २०२२ पर्यंत ते सुमारे १९ टक्क्यांवर आले. तेथे कुपा मासा गळाने धरण्यासाठी लागणारे जिवंत आमिष, म्हणजे लहान मासे, खाजणातील व प्रवाळातील असतात. अर्थात प्रवाळाचा ऱ्हास हा तेथील कुटुंबांच्या चरितार्थाचाही प्रश्न आहे.

महाराष्ट्रात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आहे. येथील प्रवाळ लक्षद्वीपइतके विस्तीर्ण नाहीत. पावसाळ्यात नद्यांचा गाळ व गोडे पाणी सोसत ते खडकांना धरून वाढतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये येथील विरंजनाची नोंद प्रसिद्ध केली. गोब्रा आणि तांबोशी यांसारखे खडकाळ भागातील मासे येथील मच्छीमारांच्या परिचयाचे आहेत. आपल्या व्यवसायावर बंधने येतील या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी अभयारण्यास विरोध केला. ही भीती समजून घेतल्याशिवाय संरक्षण टिकणार नाही. तसेच नौकांचे नांगर, पर्यटकांचे पाय, सांडपाणी आणि गाळ यांचा भार केवळ मच्छीमारांवर टाकता येत नाही.

निष्कर्ष

जागतिक तापमानवाढ १.५ अंशांवर थांबली तरी उष्णकटिबंधीय प्रवाळांत ७० ते ९० टक्के घट संभवते आणि २ अंशांवर ती ९९ टक्क्यांच्या पुढे जाईल, असे आंतरशासकीय हवामान बदल मंडळाने २०१८ च्या अहवालात नमूद केले आहे. यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. कोळसा व खनिज तेलाचा वापर कमी केल्याखेरीज मूळ कारण दूर होणार नाही, आणि ते मालवणच्या हाती नाही. नांगर, गाळ व सांडपाणी आवरणे मात्र स्थानिक पातळीवर शक्य आहे, व त्यामुळे तापलेल्या पाण्यातून वाचलेल्या प्रवाळास सावरण्यास अवधी मिळतो.

अध्यापकांनी वर्गात हा विषय घेताना 'पोवळे' या शब्दापासून प्रारंभ करावा, असे सुचवावेसे वाटते. ज्याला आपला विद्यार्थी अंगठीतील खडा समजतो, तो एकेकाळी जिवंत होता, हे त्यास कळले की पुढील सर्व विवेचन त्याला परके वाटणार नाही.