खेळणी भाड्याने देण्याचा धंदा : उतरण्यापूर्वी हिशेब करा

लहान मुलाचे मन एका खेळण्यात फार दिवस रमत नाही. हजार-बाराशेची मोटार महिनाभरात माळ्यावर जाते. म्हणून खेळणी विकण्याऐवजी भाड्याने देण्याची कल्पना अनेकांना सुचते. ती नवी नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे १९३५ साली मुलांना खेळणी वापरावयास देऊन परत घेण्याची योजना सुरू झाली. ती मात्र मोफत होती. धंदा करणाऱ्याला हिशेब पाहावा लागतो.

समजा, एक खेळणे १,२०० रुपयांना घेतले आणि आठवड्याचे भाडे १०० रुपये ठेवले. महिन्यातून दोन आठवडे ते बाहेर राहिले तर सहा महिन्यांत किंमत वसूल होते, असे वाटते. पण धुणे, बॅटरी, ने-आण यांवर दर फेरीला ३० रुपये गेले, तर हातात महिन्याला १४० रुपयेच उरतात आणि वसुलीला साडेआठ महिन्यांहून अधिक काळ लागतो. तोवर खेळणे टिकले पाहिजे. म्हणून दिसायला सुंदर मालापेक्षा मजबूत आणि सुटे भाग मिळणारा माल घ्यावा. कापडी बाहुल्या धुण्यास व वाळण्यास वेळ लागतो. सुरुवातीला त्या टाळाव्यात. लाकडी खेळणी पाण्यात बुडवू नयेत, ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावीत.

दुसरी अडचण अनामतीची. चाळीस गिऱ्हाइकांचे प्रत्येकी ५०० रुपये म्हणजे गल्ल्यात २०,००० रुपये दिसतात. हे भांडवल नव्हे, ती लोकांची अमानत आहे. त्यातून नवा माल भरला आणि सुट्टी संपताच दहा जण पैसे मागायला आले, तर दुकानाची पत जाते. ही रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी. खेळणे देताना भाग मोजून यादीवर सही घ्यावी आणि काय हरवल्यास किती कापणार ते आधीच लिहून द्यावे. भांडणे येथेच होतात.

तिसरी बाब कायद्याची. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. भारतीय मानक ब्युरो कायदा, २०१६ मध्ये विक्रीबरोबर भाड्याने देण्याचाही उल्लेख आहे. तेव्हा स्वस्तातला बिनचिन्हाचा माल घेऊ नये. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांच्या मालाला सूट आहे. तीन वर्षांखालील मुलांना बारीक भागांचे खेळणे देऊ नये. बटण-सेलचे झाकण स्क्रूने बंद आहे ना, हे दर वेळी पाहावे.

आपल्या कारागीर बांधवांची येथे जमेची बाजू आहे. तुटलेले चाक घरीच बसवता आले, तर दुसऱ्याचा तोटा आपली बचत ठरतो. वीस-पंचवीस खेळण्यांनी, ओळखीच्या मोहल्ल्यात, कर्ज न काढता सुरुवात करावी. वर्षभर वही लिहावी. धंदा वाढवावा की नाही, ते वहीच सांगेल.