चेहऱ्यांचा राजा

नोकरीला रामराम ठोकून छंदातच करिअर करायचं, हे स्वप्न लोकलच्या गर्दीत कुणी पाहिलं नाही? सोमवारी मात्र आपण पुन्हा ऑफिसात हजर! मग गौतम राजाध्यक्षांची गोष्ट वाचाच.

जन्म १६ सप्टेंबर १९५०चा. घर मुंबईतलं, उच्चभ्रू आणि सुसंस्कृत. लेखिका शोभा डे ही चुलत बहीण. गिरगावातून चालत गाठता येतं, त्या धोबीतलावच्या सेंट झेविअर्समधून त्यांनी डिग्री घेतली ती चक्क केमिस्ट्रीची! १९७४मध्ये ‘लिंटास’ या जाहिरात कंपनीच्या फोटो विभागात नोकरी लागली. पुढे ते त्याच विभागाचे प्रमुख झाले. १९८०मध्ये शबाना आझमी, टीना मुनीम यांच्यासारखे चेहरे त्यांच्या कॅमेऱ्यासमोर आले.

दुसऱ्या कुणी लगेच राजीनामा दिला असता. यांनी सात वर्षं दोन्ही सांभाळलं. १९८७मध्ये नोकरी सोडली, तेव्हा छत्तिशी गाठली होती. पण हातात काम होतं, नाव होतं.

त्यांच्या फोटोत चेहरा हाच हिरो. १९९७च्या ‘फेसेस’मध्ये दुर्गा खोटेंपासून ऐश्वर्या रायपर्यंत सगळे भेटतात. काजोलचा पहिला सिनेमा ‘बेखुदी’ (१९९२) आठवतो? त्याच्या लेखनातही ते होते.

एकसष्टावा वाढदिवस तीन दिवसांवर असताना, १३ सप्टेंबर २०११ रोजी, हार्ट अटॅकने ते गेले.

तेव्हा बॉस, राजीनाम्याचं पत्र हवं तर ड्राफ्टमध्येच राहू द्या. छंदाला मात्र या शनिवारपासूनच वेळ द्या!