गोळीबारामागील कारणांचा शोध



बंदुकीचा चाप कोणीं ओढला, हें न्यायालय ठरवितें. तो ओढण्याइतकें मन कठोर कां झालें, हें अनुबोधपट शोधूं शकतो. अमेरिकेंतील कोलंबाईन शाळेंत १९९९ सालीं हत्याकांड झालें. त्यावरील २००२ च्या अनुबोधपटांत मायकेल मूर विचारतात कीं, बंदुका कॅनडांतहि पुष्कळ आहेत, मग इतके बळी अमेरिकेंतच कां? समाजांत पसरविलेलें भय, हें त्यांचें एक उत्तर होय.

आपल्याकडे आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) मध्यें असाच शोध आहे. ११ जुलै १९९७ रोजीं मुंबईंत घाटकोपरच्या रमाबाई नगरांत डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाली. निषेधार्थ जमलेल्या लोकांवर राखीव पोलिसांनीं गोळ्या झाडल्या; दहा माणसें मृत्युमुखीं पडलीं. शाहीर विलास घोगरे यांनीं त्या दुःखांत चार दिवसांनीं आत्महत्या केली. जमाव गॅसचे टँकर पेटवीत होता, असें पोलिसांचें म्हणणें होतें; तथापि गुंडेवार आयोगानें गोळीबार असमर्थनीय ठरविला.

पटवर्धन मात्र तेथें थांबले नाहींत. चौदा वर्षें त्यांनीं वस्त्यांतील गाणीं, सफाई कामगारांचें जिणें आणि सुशिक्षितांच्या तोंडची सहज तुच्छता टिपली. गोळीचें मूळ त्यांना त्या तुच्छतेंत दिसलें.

नांदेड-बिलोलीकडील श्रोत्यांस विद्यापीठाच्या नामांतरावरून १९७८ सालीं मराठवाड्यांत जाळलेल्या दलित वस्त्या आठवतील. तेथें हातांत बंदूक नव्हती, काडी होती. मनांतील तुच्छता मात्र तीच. आपल्या घरांतील बोलण्यांत ती कितपत आहे, हें आपणच तपासावयाचें आहे.