नकाशाचा कोड अडतो तेव्हा



पावसाळा लागला की आपली कितीतरी कुटुंबे जानापाव आणि पाताळपाणीला जातात. जानापावहून निघणारी चंबळ उत्तरेला यमुनेकडे जाते, तर पाताळपाणीला कोसळणारी चोरल दक्षिणेला नर्मदेला मिळते. महूजवळचे हे दोन उतार आणि त्यांवरची झाडी एका नकाशात दाखवावी, म्हणून आम्ही काही जण कॉलेजमधल्या मुलांना घेऊन संगणकापुढे बसलो. तिथे काय अडले आणि कसे सुटले, ते इतर मुलांच्याही कामी यावे म्हणून लिहीत आहोत.

असा नकाशा ‘रास्टर’ रूपात मिळतो. रास्टर म्हणजे बारीक चौकोनांची जाळी आणि प्रत्येक चौकोनात एक आकडा. फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून रडारने मोजलेल्या उंचीचा चौकोन सुमारे ३० मीटरचा आहे. युरोपीय अंतराळ संस्थेच्या ‘वर्ल्डकव्हर’ या जमीन-नकाशाचा चौकोन १० मीटरचा. दोन्ही जुळवण्यासाठी चौकोनाचा आकार बदलणे म्हणजे रिसॅम्पलिंग.

पायथनमध्ये हे करताना ‘अ‍ॅट्रिब्यूट एरर’ हमखास येतो. त्याचा अर्थ सरळ आहे: तुम्ही जो गुण मागता आहात, तो हातातल्या वस्तूकडे नाही. म्हणून कोड बदलण्याआधी ती वस्तू कोणत्या ‘टाइप’ची आहे ते छापून पाहावे.

१. ‘नन-टाइप’कडे गुण नाही: बहुधा फाइलचा पत्ता चुकला आहे. फाइल सापडली नाही तर ‘जीडॅल’ कोड न थांबवता रिकामा हात पुढे करते आणि कोड पुढच्या ओळीत अडतो. सुरुवातीलाच ‘यूज एक्सेप्शन्स’ चालू केले, की चूक जिथे झाली तिथेच कळते.

२. ‘डेटा-अ‍ॅरे’कडे ‘रिओ’ नाही: ‘रिओ-एक्सअ‍ॅरे’ इम्पोर्ट करायचे राहिले आहे. त्याचे नाव कोडमध्ये पुढे कुठे येत नसले, तरी ती ओळ हवीच.

३. ‘एनडी-अ‍ॅरे’कडे ‘ट्रान्सफॉर्म’ नाही: ‘रास्टरिओ’ने वाचून दिलेले हे नुसते आकडे आहेत. ते जमिनीवर नेमके कुठले, ही माहिती मूळ फाइलकडेच राहते. ती तिथूनच घ्यावी.

एवढे केले की कोड चालतो, पण खरी काळजी इथून पुढे घ्यायची. वर्ल्डकव्हरमध्ये १० म्हणजे झाडे, ३० म्हणजे गवत, ५० म्हणजे बांधकाम. रिसॅम्पलिंग सरासरीने केले, तर १० आणि ५० मिळून ३० होतात. झाडे आणि घरे यांच्या सीमेवर नसलेले गवत उगवते आणि एररही येत नाही! उंचीला सरासरी चालते. प्रकारांच्या आकड्यांना ‘मोड’, म्हणजे सर्वांत जास्त वेळा आलेला आकडा, किंवा ‘निअरेस्ट’ घ्यावा.

तसेच चौकोन तिप्पट मोठा केला, तर ‘ट्रान्सफॉर्म’मधली त्याची लांबी-रुंदीही तिप्पट करावी. नाहीतर नकाशा वायव्य कोपऱ्याकडे आक्रसतो आणि जानापाव भलत्याच जागी दिसते.

एरर आला की मुले वैतागतात. पण तो निदान थांबवून सांगतो. न सांगणारी चूक नकाशात तशीच राहते. म्हणून तयार नकाशावर आपल्या ओळखीची दोन-चार ठिकाणे शोधून पाहावीत. त्यासाठी घरातल्या मोठ्यांनाही शेजारी बसवावे. कोड येत नसला, तरी कुठे झाडी आहे आणि कुठे वस्ती, हे त्यांना पक्के ठाऊक असते.